७३ रेखांशाच्या कडेकडेने: ठाण्याहून बेलापूरला, जुने नकाशे घेऊन

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला निघालं की गाडी एका छापील रेघेच्या कडेकडेने धावते. ७३ पूर्व रेखांश ऐरोली आणि वाशी स्टेशनांना जवळजवळ चिकटून जातो. मधली रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्टेशनंही त्याच्यापासून दोनेक किलोमीटरच्या आतच आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत ही रेघ म्हणजे टोपोशीटची, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणाऱ्या क्रमांकित नकाशापानाची कड. पश्चिमेला ४७ए/१६, पूर्वेला ४७ई/४. म्हणून ठाणे एका शीटवर, मुंब्रा दुसऱ्या शीटवर आणि ऐरोली दोघींच्या समासात अडकलेली.

हे क्रमांक एकदा समजले की कुठल्याही ग्रंथालयातला नकाशांचा गठ्ठा वाचता येतो. ४७ हा चार अंश बाय चार अंशांचा चौकोन. त्यात एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. प्रत्येक तुकड्यात पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली उतरते आणि मग उजवीकडचा पुढचा स्तंभ घेते. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सिरीजमध्ये ४७ए/१६ ची जागा ई४३ए१६ ने घेतली. अक्षर आणि शेवटचा आकडा आपल्या भागात तसेच राहिले, हे सोयीचं.

ही फेरी जुने नकाशे ‘बसवायला’, म्हणजे त्यांचे स्कॅन आजच्या जमिनीवरच्या जागांशी जुळवायला. तिला फोनमध्ये दोन नकाशे तरी हवेत. एक ओपन सिरीजचा, ताळा पाहायला. दुसरा अमेरिकन लष्कराच्या यू५०२ मालिकेतला एनई ४३-१, प्रमाण १:२,५०,०००. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने ही मालिका स्कॅन करून मोफत ठेवली आहे. किनारपट्टीच्या आपल्या शीट्स आपल्याकडे बरीच वर्षं निर्बंधित होत्या आणि तोच मुलूख टेक्सासहून कोणीही उतरवून घेऊ शकत होता, ही गंमत सोडून देऊ. एक इंचाला एक मैल प्रमाणाची, म्हणजे १:६३,३६० ची शीट एखाद्या ग्रंथालयात मिळाली तर खरी मजा तिच्यात. सरकारी प्रकाशनावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो, तेव्हा तारीख बघून खुशाल स्कॅन मागावा.

सुरुवात ठाण्याच्या मासुंदा तलावापासून करावी, तीही सकाळी लवकर; दहानंतर तलावपाळीला उभं राहून नकाशा बघणं अवघड. इथे ताळ्याचे बिंदू घ्यायचे, म्हणजे जुन्या नकाशावरही दिसतात आणि जागेवरही हलल्या नाहीत अशा जागा. सेंट जॉन चर्च चालेल, कौपिनेश्वराचं देऊळ चालेल. तलावाचा काठ मात्र घेऊ नये. काठ बांधून काढताना सरकतो, भर पडते, आणि नकाशावर तो ठाम रेघेने दिसत असल्यामुळे फसगत होते. फोनच्या जीपीएसची चूक मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर. नकाशावरची पाव मिलिमीटर जाडीची रेघ १:६३,३६० ला जमिनीवर सोळा मीटर व्यापते. म्हणजे फोन पुरेसा आहे, महागडं यंत्र आणायचं कारण नाही. फक्त इमारतीच्या सावलीत न थांबता चौकात उभं राहून मिनिटभर वाचन स्थिर होऊ द्यावं.

तिथून ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेलेला हा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. बुरुजांचे कोन नकाशा बसवायला उत्तम, पण भिंतीजवळ फोन उंचावून फोटो काढू नये. बाहेरच्या रस्त्यावरून वाचन घ्यावं आणि बुरुजाची नेमकी जागा उपग्रहचित्रावरून उचलावी. कळव्याकडचा रेल्वेपूल हा आणखी एक बिंदू. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग १८५४ च्या मे महिन्यात सुरू झाला. पारसिकचा बोगदा १९१६ चा. त्यामुळे बिनतारखेचा नकाशा हाती आला तर त्यावर लोहमार्ग कुठवर गेलाय एवढ्यावरूनही काळ चाचपता येतो. पण जपून. जुन्याच शिळेवर किंवा पत्र्यावर रेल्वे नंतर कोरून पुन्हा छापणं सर्रास चालत असे. मग रूळ १९१६ नंतरचे आणि गावठाणं चाळीस वर्षं आधीच्या मोजणीची, असा नकाशा तयार होतो. म्हणून सूचीत तीन तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात: मोजणीची, पहिल्या प्रकाशनाची, पुनर्मुद्रणाची. बहुतेक याद्यांत एकच असते, आणि ती नेमकी निरुपयोगी असते.

ठाण्याला वाचनालयांची परंपरा जुनी. नगर वाचन मंदिर १८५० चं, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा वयाच्या कुठल्याही ग्रंथालयात नकाशे सुटे क्वचितच सापडतात. ते असतात गॅझेटियरच्या पुठ्ठ्यात, अहवालांच्या शेवटी, घडी घालून शिवलेले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरसारखा ग्रंथ उघडला की घडीचा नकाशा आधी बघावा, कारण सगळ्यांत आधी तोच फाटतो. आडवी आणि उभी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे आधी टाचणीएवढं भोक पडतं. मग वाचक नकाशा परत घालताना उलट्या दिशेने मुडपतो आणि भोकाची चीर होते. त्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावलेली असते. पट्टी काही वर्षांत सुटते, डिंक मात्र कागदात मुरून तपकिरी डाग कायमचा ठेवतो. ती ओढून काढायची नाही. ते काम कागद-संवर्धकाचं. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते परत उलटवता येत नाही. पारदर्शक पॉलिएस्टरच्या दोन पत्र्यांमध्ये नकाशा ठेवून फक्त कडा बंद केल्या तर तो हाताळताही येतो आणि उद्या बाहेरही काढता येतो. निळ्या छपाईचे आराखडे अल्कधर्मी कागदात गुंडाळले तर फिके पडतात, त्यांना साधा आम्लमुक्त कागद वापरावा.

पावसाळ्यात ही कामं काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दमट हवेत कागद फुगतो, आणि तोही एका दिशेला जास्त. १:६३,३६० च्या पंधरा मिनिटांच्या शीटची छापील चौकट आपल्या अक्षांशावर साधारण ४३७ मिलिमीटर उंच आणि ४१५ रुंद असायला हवी. अर्धा टक्का फरक पडला की उंचीत दोन मिलिमीटरहून जास्त, म्हणजे जमिनीवर सुमारे १४० मीटर. स्कॅनिंगच्या आधी चौकटीच्या चारही बाजू स्टीलच्या पट्टीने मोजून आकडे लिहून ठेवायला पाच मिनिटं लागतात. ते आकडे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून मिळत नाहीत.

कापडावर चिकटवलेल्या घडीच्या नकाशांत आणखी एक खोच असते. प्रवासात वापरायला सोपं जावं म्हणून नकाशा कापून त्याचे तुकडे मध्ये फटी ठेवून कापडावर डकवलेले असतात. दोन मिलिमीटरची एक फट म्हणजे सव्वाशे मीटर जमीन हवेतून निर्माण झाली. असे सहा-आठ तुकडे ओळीने आले की ठाण्याहून मुलुंड भलतंच लांब जातं. यांना एकसंध चित्र समजून बसवायचं नाही. प्रत्येक तुकडा वेगळा कापून वेगळा बसवायचा, अर्थात प्रतीवर, मूळ फाइलवर नव्हे. आणि असला नकाशा रुळांमधून ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये घालायचा नाही, दुकानदार कितीही भरवसा देवो.

मग स्कॅन कसा करायचा? वरून टिपणारा मोठा स्कॅनर नसेल तर कॅमेरा स्टँड चालतो. २४ बाय ३६ इंचांचा नकाशा ४०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० पिक्सेल धरून, ९,६०० बाय १४,४०० पिक्सेल होतो. २४ बिट रंगात सुमारे ४१५ एमबी, ४८ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा एका फोटोत याचे जेमतेम २३० पीपीआय देतो. तेव्हा तुकड्यांत टिपावं, एकमेकांवर तीसेक टक्के चढवून. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, भिंग मॅक्रो, छिद्र एफ८ च्या आसपास. कॅमेरा नकाशाला समांतर आहे का हे बघायला नकाशाच्या जागी छोटा आरसा ठेवावा. भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यात आलं की झालं. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला सपाट पृष्ठभाग आहे असं सांगितलं नाही तर ते निसर्गदृश्य समजून नकाशा वाकवतं. रंगपट्टी आणि मोजपट्टी चित्रात हवीच. समास कापायचा नाही. छापखान्याचं नाव, आवृत्ती, शेजारच्या शीट्सचा तक्ता, चुंबकीय उत्तरेतला फरक, सगळं समासातच असतं, आणि उत्साही माणूस सगळ्यांत आधी तोच छाटतो.

ऐरोलीला उतरून खाडीकडे गेलं की नकाशा आणि डोळे यांचं भांडण सुरू होतं. नकाशावर मिठागरांचे चौकोन आणि चिखलाचे ठिपके. समोर दाट तिवरं. आधी विचारावं की नकाशातला किनारा भरतीचा की ओहोटीचा. मुंबईच्या परिसरात उधाणाची भरती पाच मीटरच्या घरात जाते, आणि इतक्या सपाट चिखलात त्या फरकाने पाण्याची कड शेकडो मीटर सरकते. नौकानयनाच्या तक्त्यातली खोली नीचतम ओहोटीपासून मोजलेली, टोपोशीटची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. दोन्ही एकावर एक ठेवून खाडी किती बुजली याचे आकडे काढणारे कमी नाहीत.

गाडीत बसून क्यूजीआयएस या नकाशे बसवायच्या सॉफ्टवेअरमधला हिशेब समजून घेता येतो. स्कॅन ताणून-फिरवून बसवायच्या सूत्रांपैकी पहिल्या घाताच्या बसवणीला किमान तीन बिंदू, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला दहा. प्रत्यक्षात दुप्पट घ्यावेत आणि चार कोपऱ्यांत पसरावेत. थिन प्लेट स्प्लाइन ही लवचीक पद्धत निवडली की चूक शून्य दिसते. नकाशा अचूक आहे म्हणून नव्हे, तर ती पद्धत प्रत्येक बिंदूला कागद ताणून नेते म्हणून. चार-पाच बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर ताळा घेतला तरच खरी चूक कळते. चौकटीचे अक्षांश-रेखांश वापरणार असाल तर ते एव्हरेस्ट लंबगोलावरचे, म्हणजे जुन्या भारतीय मोजणीत धरलेल्या पृथ्वीच्या आकारावरचे आहेत हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. ते न सांगता डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतं ती पद्धत, म्हणून चढवलं तर आपल्या भागात सगळं शंभरेक मीटर दक्षिण-आग्नेयेला सरकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपूर्वीच्या काही शीट्सवर त्याहून मोठी भानगड: मद्रासच्या वेधशाळेचं रेखांश तेव्हा चुकीचं धरलेलं होतं, म्हणून रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा अशी टीप समासात असते. ती वाचली नाही तर सव्वाचार किलोमीटरांचा फरक पडतो, आणि ठाणे स्टेशन खाडी ओलांडून पारसिकच्या पायथ्याशी जाऊन बसतं. समास कापणाऱ्यांना ही टीप कधी भेटतच नाही.

वाशीपासून पुढे नकाशाची जात बदलते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. सेक्टरांच्या खाली जी गावं आहेत ती टोपोशीटवर ठिपक्याएवढी. त्यांच्यासाठी महसुली गावनकाशा हवा. मैलाला आठ इंचांचा, म्हणजे १:७,९२० चा गावनकाशा मिळाला की ३३ फुटी साखळीच्या वीस साखळ्या एका इंचात बसतात, आणि एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा. गावनकाशा बसवायला तीन गावांच्या शिवा मिळतात तो बिंदू सर्वांत भरवशाचा. बांध आणि पायवाटा नवी मुंबईत सापडणार नाहीत. मोजणीचं टिपण, म्हणजे एकेका शेताच्या मापांचा कच्चा आराखडा, मात्र प्रमाणात काढलेलं नसतं. त्यातले आकडे खरे, आकार अंदाजी. चार कोपरे पकडून टिपण ताणणं म्हणजे शेजाऱ्याशी फुकटचं भांडण ओढवून घेणं.

बेलापूरचा किल्ला १९ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे, म्हणजे ४७ई/४ च्या अगदी तळाशी. चारही शीट्स, ४७ए/१६, ४७ई/४, ४७बी/१३ आणि ४७एफ/१, जिथे मिळतात तो कोपरा सीवूड्सच्या नैऋत्येला खाडीच्या पाण्यात पडतो. तिथे पोचायची गरज नाही. किल्ल्याजवळ उभं राहून चारही स्कॅन एकत्र उघडावेत आणि खाडीच्या रेघा कडेवर जुळतात का ते पाहावं. वेगवेगळ्या वर्षांच्या मोजण्या असतील तर जुळत नाहीत, आणि तेव्हा चारही जोडून एक सुरेख चित्र करण्याचा मोह आवरावा. जोडकाम वेगळ्या फाइलीत. मूळ स्कॅनची टिफ फाइल ग्रंथालयाच्या दाखल क्रमांकासह, शा-२५६ बेरीज (फाइल बदलली तर लगेच कळावं म्हणून काढलेला ताळ्याचा आकडा) काढून, तीन प्रतींत. त्यातली एक शहराबाहेर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला तेव्हा तिथला ऑनलाइन संग्रह दीर्घकाळ बंद पडला, तेव्हा मोठ्या संस्थेकडे प्रत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आजच्या फेरीत घेतलेले बिंदू साध्या मजकुराच्या फाइलीत, तारीख आणि फोनचं मॉडेल लिहून, स्कॅनच्याच फोल्डरमध्ये टाकावेत आणि ज्या ग्रंथालयाने नकाशा दिला त्यांनाही पाठवावेत. परतीसाठी बेलापूरहून नेरूळमार्गे ठाण्याची गाडी मिळते. संध्याकाळी सहानंतर मात्र मोठी नकाशानळी घेऊन चढू नये.