कर्नल टॅल्बटच्या रस्त्याने, ईरी सरोवराच्या काठाकाठाने

टोरोंटोहून विंडसरकडे निघालेली आपली मंडळी ४०१ महामार्ग सोडत नाहीत. एकदा सोडाच. सुमारे दोनशे किलोमीटरवर सेंट थॉमस लागतं. तिथून पश्चिमेला टॅल्बट लाइन हा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना रस्त्याकडे तोंड करून बसलेली शेतघरं दिसतात. ही सगळी थॉमस टॅल्बटची करणी.

हा १७७१ साली डब्लिनजवळच्या मालाहाइड किल्ल्यात जन्मला. लष्करात असताना अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या दक्षिण ओंटारिओत आला, लेफ्टनंट गव्हर्नर सिम्कोचा खाजगी सचिव झाला आणि १८०३मध्ये इथे ५,००० एकर मिळवून बसला. एक कुटुंब वसवलं की त्या कुटुंबाला ५० एकर आणि टॅल्बटच्या खात्यात १५०, असा सौदा! पुढे विधान परिषदेवर नेमणूक झाली, पण त्याची खरी सत्ता होती नकाशावर. वसाहतकऱ्याचं नाव तो पेन्सिलीने लिहायचा. घर बांधलं नाही, झाडी तोडली नाही, समोरचा रस्ता केला नाही, तर नाव खोडून जमीन दुसऱ्याला. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव तलाठ्याने खोडरबराने पुसावं, तसं. मला हा कारभार जुलमीच वाटतो. पण इतरत्र सरकार आणि चर्चसाठी राखलेल्या ओसाड जमिनी मध्ये येऊन रस्ते तुटत. इथला सलग झाला तो याच अटीमुळे, हेही खरं. आणि ही जमीन मोकळी नव्हती. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी, वायनडॉट या मूळनिवासी लोकांकडून ती १७९०च्या करारात घेतलेली होती. फिरताना हे विसरू नये.

वॉलेसटाउनला डावीकडे सरोवराकडे वळा. टायरकॉनेलच्या सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत टॅल्बटची कबर आहे. तो वारला १८५३मध्ये. शिळेवर ‘टॅल्बट वसाहतीचा संस्थापक’ अशा अर्थाची ओळ आहे. इथे घाई करू नका. आजूबाजूच्या शिळांवर त्याच वसाहतीतली माणसं भेटतात. जवळच बॅकस-पेज हाउस हे १८५०चं विटांचं घर संग्रहालय म्हणून जपलंय. ते बारमाही उघडं नसतं, वेळा आधी विचारून घ्या.

पोर्ट टॅल्बटला त्याचं घर शोधत जाऊ नका. ते १९९७मध्ये पाडलं आणि जागा खाजगी आहे. सरोवराचे कडे मातीचे आहेत, सतत ढासळतात. मुलांना कडेला सोडू नका. गाडीशिवाय जमणार नाही. शाकाहारी असाल तर पोळी-भाजी बरोबर घ्या, नाहीतर जेवायला पोर्ट स्टॅन्लीपर्यंत जावं लागेल.