सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि खालच्या वाडीची विहीर

आमच्या राजापूर तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, जमिनीचा सातबारा काढलात तर बरेचदा त्यावर ‘पोटखराब’ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे लागवडीला नालायक. एकदा हा शिक्का बसला की सरकार असो, प्लॉटिंगवाला असो नाहीतर आपलाच मुंबईतला चुलतभाऊ, सगळ्यांना ती जागा रिकामीच दिसते. आणि रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी आणायची घाई सुटते.

६ ऑक्टोबरला युनेस्कोचा जिओडायव्हर्सिटी डे असतो, २०२२ पासून सुरू झालाय. भूविविधता म्हणजे खडक, माती, डोंगरउतार, झरे, म्हणजे ज्यावर बाकी सगळं उभं आहे ते. वाघ, फुलपाखरं म्हटलं की लोक हळहळतात तरी, दगडासाठी कोण हळहळणार? पण कोकणात राहायचं तर आधी दगड कळायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. मूळचा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, लाखो वर्षं उष्ण दमट हवेत कुजत गेला, त्यातली सिलिका पावसाने वाहून गेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा तांबडा जांभा. वरून बघाल तर कडक कातळ, मे महिन्यात चप्पल नसेल तर पाय भाजतात, पण आतून तो भोकाभोकांचा, भेगांचा. पाऊस पडला की पाणी त्यातून खाली मुरतं आणि खालच्या शेडीला, म्हणजे त्या चिकट पांढरट मातीला जाऊन अडतं. मग ते आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं आणि बरोब्बर तिथेच आपल्या जुन्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, पोफळीची आगरं आहेत. पूर्वजांकडे भूगर्भशास्त्राची डिग्री नव्हती पण पाणी कुठे फुटतं ते बघून त्यांनी घरं बांधली आणि सडा गुरांना, गवताला मोकळा ठेवला. हे नियोजन नाही तर काय आहे?

आता या सड्यावर सिमेंट ओतलं, जेसीबीने सपाट केला, तर खालच्या विहिरीचं काय होणार ते सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतात, त्याला कारणं बरीच आहेत, पण पाणी मुरायच्या जागा आपणच बंद करतोय हे त्यातलं एक आहेच.

आणि सड्यावर ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांनी कशेळीचा हत्ती बघून यावं. कातळात कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. देवाचे गोठणेला तर कातळशिल्पापाशी होकायंत्रच भरकटतं, तो त्या खडकाचाच गुण. कोकणातली अशी नऊ ठिकाणं, सात रत्नागिरी जिल्ह्यात, कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसमळ गोव्यात, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. मऊ माती असती तर यातलं काही टिकलं असतं का? त्याच बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाल्यावर गावकऱ्यांचं जे आंदोलन झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, त्यात आत्ता शिरत नाही.

पावसाळ्यात याच कातळावर चिमूटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, गेंद फुलतो, जगात फक्त कोकण-गोव्याच्या अशा सड्यांवर येणारी पांढरी दिपकाडी असते. असो, फुलांचे फोटो सगळेच टाकतात.

मी काही सड्याला हातच लावू नका म्हणणाऱ्यातला नाही. आमचं घरच चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाचं आहे, ओला असताना मऊ आणि ऊन-वारा लागला की घट्ट होणारा दगड दुसरीकडे कुठे मिळणार, पायऱ्यांच्या पाखाड्या, कुंपणाचे गडगे, देवळं सगळं त्याचंच आहे. चिरेखाणीवर कित्येक घरं चालतात. हापूसच्या बागासुद्धा कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरची माती भरून उभ्या राहिल्यात. प्रश्न आहे तो कुठला सडा खोदायचा, किती आणि त्याच्याखाली कोण राहतं याचा, आणि नेमकं तेच नकाशात नसतं. विकास आराखडा उघडून बघा, पिवळा झोन, हिरवा झोन, जांभळा झोन, पण खाली जांभा किती जाड आहे, झरे कुठे फुटतात, उताराची माती कुठे सुटी झालीय याचा रंग कुठाय? माहिती नाही असंही नाही, जिऑलॉजिकल सर्व्हेने दरडींची शक्यता दाखवणारे १:५०,००० चे नकाशे केलेत, भूजलवाल्यांकडे विहिरींच्या नोंदी असतात. ते सगळं एकावर एक ठेवून मग झोन ठरवायचे एवढंच करायचंय. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला, ८० हून जास्त माणसं गेली. डोंगर कुठला, उतार कसा, हे प्रश्न घर बांधायच्या आधी विचारायचे असतात.

मध्यंतरी एका मित्रासाठी सड्यावरचा ‘सी व्ह्यू’ एनए (बिगरशेती) प्लॉट बघायला गेलो होतो. ब्रोकरला म्हटलं पाण्याचं काय? तर म्हणे बोअर मारा की. आता सड्यावर बोअर म्हणजे आधी जांभा, मग शेडी, ती ढासळून भोक बुजवते म्हणून केसिंग, म्हणजे आतून पाइप, टाकायचं, आणि त्याखाली काळा कातळ लागला की पाणी मिळेलच असं नाही. केसिंगचा खर्च कोण देणार विचारलं तर तो प्लॉटच्या किमतीत धरलेला नाही म्हणाला.