हे कोण होतं?

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. जेवायला बसलो होतो. तिच्या ताटात कोंबडीची तंगडी होती. तिने एक घास तोडला, हाडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "आई, हे कोण होतं?"

"चिकन आहे बाळा," मी म्हटलं.

"हो, पण कोण होतं?"

"काय" आणि "कोण" यांत तिची अजून गल्लत होते, अशी मी माझी समजूत घालून घेतली आणि विषय बदलला. आता ती अकरा वर्षांची आहे. त्या दिवशी गल्लत तिची झाली नव्हती, माझी झाली होती, असं मला अलीकडे फार वाटतं.

माणसं अमुक प्राणी खातात आणि तमुक खात नाहीत, याची कारणं कुणालाही विचारा, लगेच मिळतात. चव, पचन, धर्म, हवामान, स्वच्छता. ती खोटी असतात असं मी म्हणत नाही. पण ती बहुतेक वेळा मागाहून येतात. आधी ठरतं ते एवढंच की समोरचा जीव "काय" आहे की "कोण" आहे.

मला हे शिकवलं एका कोंबडीने. आजीकडे दहा-बारा कोंबड्या असत. एकदा खुराड्याचं दार लावताना एका पिल्लाचा पाय सापडला आणि तो कायमचा वाकडा झाला. बाकीच्या कोंबड्या तिला टोचायच्या, म्हणून आजीने तिला घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवलं. नाव पडलं लंगडी. ती चालायची तेव्हा फरशीवर आधी "टक्" आणि मग पाय घासल्याचा "सर्र" असा आवाज यायचा. मी तिच्या पंखाखाली बोट घालून बसायचे, तिथे ताज्या पोळीसारखी ऊब असायची. तिला झोप लागताना मी कितीदा तरी पाहिलंय. आपली वरची पापणी खाली येते, तिची खालची पापणी हळूहळू वर चढायची. अर्धा डोळा झाकला की ती क्षणभर थांबायची, माझ्याकडे पाहायची, मग पूर्ण मिटायची.

याच आजीचा हात दुसरी कोंबडी कापताना कधी अडखळला नाही. गरम पाण्यात बुडवून ती पिसं काढायची, आतली पिवळी चरबी वेगळी करायची, आणि लंगडी तिथेच शेजारी टोपलीत बसलेली असायची. लंगडीने पुढे अंडी द्यायचं बंद केलं. तिला कापू या असं घरात कुणाच्या तोंडूनही निघालं नाही. सात वर्षं जगली, आणि एका सकाळी टोपलीतच गेली. आजीने तिला अंगणात पुरलं.

मी आजीला विचारलं होतं, "बाकीच्याही तुझ्याच हातचे दाणे खातात की गं. मग हिलाच का नाही?"

"त्यांना मी हाका मारत नाही," आजी म्हणाली.

पुढे वाचायला लागल्यावर आजीचं हे वाक्य मला भलत्याच ठिकाणी भेटत राहिलं. १९११ साली रोआल्ड आमुन्सेन आणि त्याचे चार सोबती दक्षिण ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर ५२ कुत्रे होते. कुठल्या टप्प्यावर किती कुत्रे मारायचे आणि त्यांचं मांस माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना कसं पुरवायचं, याचा हिशोब आधीच कागदावर झालेला होता. पठारावर चढून गेल्यावर २४ कुत्र्यांना गोळ्या घालायची ती संध्याकाळ आली. प्रत्येकाने आपापल्या गाडीचे कुत्रे मारायचे ठरलेले. स्वयंपाकाचं काम आमुन्सेनकडे होतं. त्याने लिहून ठेवलंय की तो तंबूत बसून स्टोव्हला नेहमीपेक्षा जोरात पंप मारत होता, बाहेरचे आवाज कानावर पडू नयेत म्हणून. मोठी चढण पार केल्याचा आनंद तंबूत कुणालाच झाला नाही. त्या जागेला त्यांनी नाव दिलं "खाटीकखाना". मांस मात्र त्यांनी खाल्लं, आणि आवडीने खाल्लं. परत आले ते ११ कुत्रे.

मला त्या स्टोव्हचा आवाज विसरता येत नाही. ध्रुवावर जायला निघालेला माणूस, महिनोन् महिने हिशोब करून आलेला, आणि त्या घटकेला त्याला काहीतरी मोठा आवाज हवा होता. कुत्रे "कोण" होते हे त्याला पक्कं माहीत होतं. एका रात्रीपुरतं त्यांना "काय" करायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं.

आजीच्या वाक्यालाही मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. १८७०च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडला. लोकांनी घोडे खाल्ले, मग कुत्री, मांजरं, उंदीर. शेवटी प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांवर पाळी आली. कॅस्टर आणि पोलक्स या दोन हत्तींना सगळं शहर नावाने ओळखत होतं. तेही मारले गेले आणि त्यांचं मांस परवडणाऱ्यांच्या ताटात गेलं. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही, रोज हाक मारणारं कुणीतरी तिथे असावं लागतं.

घोड्याची कथा तर अजून विलक्षण आहे. इसवी सन ७३२च्या सुमारास पोप तिसरा ग्रेगरी याने बोनिफेस या धर्मप्रसारकाला पत्र लिहून घोड्याचं मांस खाणं बंद करायला सांगितलं. जर्मन टोळ्यांच्या जुन्या धर्मात घोड्याचा बळी देऊन मेजवानी व्हायची, ती मोडायची होती. इसवी सन १०००च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घोडा खायची मुभा काही काळ तरी राहू द्या अशी अट तिथल्या लोकांनी घातली होती. इतकी ती सवय घट्ट होती. आणि हजार वर्षांनी, २०१३ साली, आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये गोमांस म्हणून विकलेल्या पदार्थांत घोड्याचं मांस निघालं तेव्हा लोक हादरून गेले. फसवणुकीचा राग रास्तच होता. पण लोकांना चवीवरून काही कळलं नव्हतं, ते कळलं डीएनएच्या तपासणीतून. जेवण झालं, पचलं, आणि किळस आली बातमी वाचून! त्याच वेळी शेजारच्या फ्रान्समध्ये घोड्याचं मांस विकणारी दुकानं उघडपणे चालू होती. कझाकस्तानात तर ते पाहुण्याला सन्मानाने वाढतात.

किळस जिभेवर नसते, डोक्यात असते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८६ साली सहकाऱ्यांबरोबर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढायचं आणि तो रस प्यायला द्यायचा. अपाय होणार नाही हे माहीत असूनही लोकांना तो नकोसा झाला. मलाही प्यायवणार नाही. मात्र म्हणून झुरळ खाणं हे पाप ठरत नाही, आणि ही एवढी एक गोष्ट आपण दुसऱ्याच्या ताटाकडे बघताना साफ विसरतो.

कोळंबीचंच घ्या ना. मी कोळंबी सोलते तेव्हा तिचे पाय, मिशा, खवल्याखवल्यांचं कवच, पाठीतला तो काळा धागा, सगळं हाताखालून जातं आणि मला काही वाटत नाही. टोळ पाहिला की अंगावर काटा येतो. खरं तर दोघं जवळचे नातलग. कीटकांचा उगम कोळंबी-खेकड्यांच्याच कुळातून झाला, असं आजचं जीवशास्त्र सांगतं. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी कीटक खाताना जपावं, असं सांगतात तेही त्यामुळेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३च्या अहवालात म्हटलं होतं की जगात सुमारे २०० कोटी माणसांच्या आहारात कीटक आहेत, आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १,९०० हून जास्त. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणारी मी, हातात अर्धी सोललेली कोळंबी घेऊन बसलेली असते.

ज्यू आणि मुस्लिम धर्मांत डुक्कर निषिद्ध का, याबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. मेरी डग्लस म्हणतात, खूर दुभंगलेला पण रवंथ नाही, असा तो वर्गीकरणात न बसणारा प्राणी म्हणून निषिद्ध ठरला. मार्विन हॅरिस म्हणतात, कोरड्या प्रदेशात त्याला सावली आणि पाणी लागतं, तो माणसाचंच धान्य खातो, वर दूध, लोकर, नांगर यातलं काहीच देत नाही. मला हॅरिस जास्त पटतात, पण ते असू दे. मला छळतं ते वेगळंच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार डुकरं नाकाने जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका हव्या त्या जागी नेताना दिसली. मन, बुद्धी यावरून आपण कुणाला खायचं ते ठरवत असतो तर डुक्कर केव्हाच सुटलं असतं.

आपण ते उलटं ठरवतो. २०१० साली स्टीव्ह लॉक्नन, निक हॅस्लम आणि ब्रॉक बॅस्टियन या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना सुकवलेलं गोमांस खायला दिलं आणि काहींना काजू. मग प्राण्यांबद्दल प्रश्न विचारले. गोमांस खाल्लेल्यांनी गाईला नैतिकदृष्ट्या कमी महत्त्व दिलं, आणि आपण ज्यांची काळजी घ्यावी अशा प्राण्यांची त्यांची यादीही लहान निघाली. एका घासाने! हे वाचलं त्या रात्री मला लंगडीची पापणी आठवत राहिली.

मी मांस सोडलेलं नाही. ऑक्टोपस सोडला. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात, त्यातल्या बहुतेक बाहूंमध्ये, आणि एकदा मत्स्यालयात काचेला लावलेल्या माझ्या तळव्यामागे एकाने आपला बाहू सरकवत आणला तो प्रसंग मला पुसता येत नाही. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात ऑक्टोपस आणि खेकडे-शेवंडांनाही संवेदनशील प्राणी मानलं, ते मला मनापासून बरं वाटलं. पण ऑक्टोपस मी असाही क्वचितच खात असे. तो सोडणं मला सोपंच गेलं. अवघड आहे ती कोंबडी. जगात वर्षाला ७० अब्जांहून जास्त कोंबड्या मारल्या जातात, आणि मांसासाठी वाढवलेली कोंबडी बहुधा सहा-सात आठवड्यांचीच असते. लंगडी सात वर्षं जगली होती. म्हणून हल्ली मी कोंबडी कमी वेळा आणते. जिथे ती मोकळी फिरलेली असते तिथूनच आणते, आणि आणली की मान, काळीज, पाय यातलं काही टाकत नाही. तेवढं पुरेसं आहे असं मला वाटत नाही.

मागच्या महिन्यात मी मुलीला तिच्या त्या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली. तिला काही आठवत नव्हतं. "मग तू काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"आता सांग."

"कोंबडी होती. दीड महिन्याची असेल."

"नाव होतं तिला?"

"नव्हतं गं. कुणी ठेवलंच नव्हतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने लंगडीबद्दल विचारलं, आणि मी तिला त्या पापणीचं सांगितलं. खालून वर कशी चढायची, ते बोटाने करून दाखवलं.