नार्वेच्या फेरीने खाजनांकडे

गोव्यातल्या डिचोलीहून आम्ही काही बागायतदार दुचाक्यांवरून निघालो, नार्वेला सप्तकोटेश्वराला हात जोडले आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरलो. पाहायची होती खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या नदीपासून राखलेल्या सखल जमिनीतली शेती. २०२३ मध्ये मान्सून जूनचे दहा दिवस उलटल्यावर आला, २०२५ मध्ये मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन ठेपला. अशा लहरी पावसात मांडवीच्या काठचा माणूस भात पिकवतो तरी कसा, एवढंच डोक्यात होतं.

बांधावर भेटलेल्या वयस्क शेतकऱ्याने वाफ्यातलं पाणी बोटाने जिभेला लावून दाखवलं आणि थुंकला. पेरणी तो अशीच ठरवतो: पावसाने खार धुऊन निघाला की मोड आलेलं बी फोकायचं, म्हणजे हाताने विखरून पेरायचं. आता सगळं बी एकदम भिजवत नाही, थोडं राखून ठेवतो. पाऊस मध्येच दडी मारून बसला तर दुसऱ्यांदा फोकायला हवं ना! बी कोरगुटाचं, या भागातल्या जुन्या भाताचं. खार सोसतं, उंच वाढतं; पण ऑक्टोबरच्या पावसात आडवंही पडतं.

खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मानस, बांधातलं झडपांचं दार. नदीचं पाणी चढलं की दाबाने तिच्या झडपा मिटतात, उतरलं की आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. ओहोटी लागतानाच हे दिसतं, म्हणून आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. वेळ रोज पाऊणेक तासाने पुढे सरकते. आठवड्यापूर्वी जाऊन आलेल्याच्या सांगण्यावर विसंबू नका. सप्टेंबरअखेर उत्तम, भात उभं असतं.

माझं मत विचाराल तर बियाण्याची चर्चा फार होते, बांधाची होत नाही. खेकड्यांनी पोखरलेला बांध एकदा फुटला की कोरगूट काय नि दुसरं काय! दुरुस्ती कोमुनिदादीने (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) करायची की कुळांनी, या घोळात वर्षं जातात, तोवर आत खारफुटी उगवते. मग ती तोडायला कायदा आडवा येतो. तेव्हा बांधावर गेलात की बियाण्याआधी दुरुस्ती कोण करतं ते विचारा.

परतताना दुसऱ्या फेरीने जुने गोवे गाठा. एलाच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत कोरगुटातूनच निवडलेल्या गोवा धान १ आणि २ या वाणांची माहिती मिळते. शनिवार-रविवार टाळा, आणि जाण्याआधी आपल्या मातीचा खार तपासून घ्या. पहिला प्रश्न तोच येतो.