मेमध्ये पास, जुलैत नापास

गच्चीचं पाणी अंगणातच जिरवायचं म्हणून मी खड्डा मे महिन्यात खणला, तिथेच फसले.

म्हणजे झालं असं की आम्ही राहतो सुदामा नगरच्या बाजूला, प्लॉट तीस बाय पन्नास, दर दुसऱ्या इंदुरी माणसाचा असतो तसाच. गच्चीचं सगळं पाणी दोन पाइपांतून धो धो गेटपाशी पडायचं, तिथून रस्त्यावर, आणि रस्ता सिमेंटचा, थरावर थर चढवून चढवून आमच्या ओट्याच्या बरोबरीला आलेला, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की तेच पाणी परत आमच्याकडे पाहुणचाराला हजर. ऑगस्ट २०२० मध्ये एका रात्रीत दहा इंचांच्या आसपास पडला होता, इंदूरकरांना आठवत असेल, कोरोनाचंच वर्ष, त्या रात्री बैठकीतला दिवाण विटांवर चढवून आम्ही सगळे त्यावर बसून होतो. आणि त्याच घरात मे महिन्यात बोअर कोरडा, टँकरवाल्याला फोन. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून जलूदहून वर चढवून इंदुरात आणायचं आणि फुकट पडणारं गटारात सोडायचं, आहे की नाही कमाल.

माझी मावसबहीण अमेरिकेत मेरीलँडमध्ये असते, मॉन्टगोमेरी काउंटीत. व्हिडिओ कॉलवर तिनं अंगणातला बशीसारखा खोलगट वाफा दाखवला, छपराचं पाणी त्यात येतं आणि जिरतं, त्याला रेन गार्डन म्हणतात. कल्पना म्हणे तिच्या शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास निघाली, नव्या कॉलनीत मोठा तलाव खणण्याऐवजी प्रत्येक घरापुढे असा एकेक वाफा. तिच्याकडे घराचं छप्पर, फरशी वगैरे मिळून पाणी न जिरणारी जागा किती त्यावर वेगळा आकार लागतो, आणि वाफा केला, देशी झाडं लावली की काउंटी खर्चातला काही भाग परत देते, रेनस्केप्स नावाची योजना आहे. म्हणजे एका हातानं घेतात आणि दुसऱ्या हातानं देतात, पण देतात तरी. मी लगेच वहीत नकाशा काढून घेतला.

ताई म्हणाली आधी टेस्ट कर, फूटभर खोल खड्डा, पाणी भर, किती वेळात जिरतं बघ. केली. पंधरा मिनिटांत बादलीभर पाणी गायब. मी एकदम खूश, नवऱ्याला बोलावून दाखवलं, मग गेटच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दहा फूट सोडून (हे मात्र नीट केलं, काळी माती फुगली की पाया हलवते), दहा बाय सहाचा आणि आठ इंच खोल वाफा केला. हिशोबही बसवला होता. गच्ची नऊशे स्क्वेअर फूट, तिचा पुढचा अर्धा भाग या वाफ्याला, एक इंच पाऊस झाला की तिथून हजार-अकराशे लिटर येतात आणि वाफ्यात मावतात तेवढेच.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, वाफा काठोकाठ भरला, मी गॅलरीत चहा घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी पण. सासूबाई म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तुझ्या तळ्याचं पाणी तर त्याहून जास्त टिकतंय." शेजारचे अंकल गेटवर येऊन डेंग्यू, डेंग्यू करून गेले. डासाला अंड्यातून उडायला आठवडा तरी लागतो हे मी त्यांना सांगितलं, पण रोज पाऊस पडत असताना खड्डा रिकामाच होत नसेल तर तो आठवडाही होतो, त्यामुळे अंकल बरोबरच होते, फक्त त्यांना तसं म्हणाले नाही.

उत्तर मिस्त्रीनं दिलं, तेही खड्ड्यात न उतरता, वरूनच. "काली मिट्टी है मॅडम, इसका पेट भर गया तो एक घूँट नहीं पीती." माळव्याची माती लाव्हाच्या खडकाची झिजून झालेली, चिकण. उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मी मेमध्ये ओतलेलं पाणी जिरलं नव्हतंच, भेगेतून खाली पळालं होतं. पाऊस लागला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वर जणू पाट्यावर वाटल्यासारखा लेप बसतो. म्हणून टेस्ट करायचीच तर दोन दिवस आधी जमीन भिजवून करायची, किंवा सरळ पावसाळ्यात करायची. हे ताईच्या वहीत नव्हतं, कारण तिची माती वेगळी.

मग सगळं उकरलं. आमच्याकडे चार फुटांवर मुरूम लागला, मुरमापर्यंत गेलो, खाली विटांचे तुकडे आणि गिट्टी, वर जाड रेती, मुरूम आणि घरचं कंपोस्ट मिसळून भरलं (ओला कचरा वेगळा करायची सवय इंदूरला काय शिकवायची), काळी माती जेमतेम एक-दोन घमेली ठेवली. काठाला एक ओव्हरफ्लोचा पाइप, म्हणजे २०२० सारखी रात्र आली तर पाणी घराकडे न वळता बाहेर जाईल. आता रात्री भरलेला वाफा सकाळच्या दुधाच्या वेळेपर्यंत निम्मा आणि संध्याकाळी कोरडा.

झाडांचं मात्र मला खरंच बोलायचंय. ताईकडे आणि आमच्याकडे वर्षाचा पाऊस फार वेगळा नाही, हजार मिलिमीटरच्या आगेमागे, पण तिच्याकडे तो बारा महिने वाटून येतो आणि आमच्याकडे जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्यामुळे इथलं झाड असं पाहिजे की जुलैत गुडघाभर पाण्यात उभं राहील आणि मेमध्ये ४२ डिग्रीत तक्रार करणार नाही. अशी झाडं ओळखीचीच निघाली. मधोमध वाळा, त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि चिकण मातीला भोकं पाडत जातात, म्हणजे मिस्त्रीचं काम फुकटात चालू. काठाला अडुळसा, शतावरी, गवती चहा. ओलसर कोपऱ्यात वेखंड आणि ब्राह्मी लावली, पण वेखंडाला उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं, तो मला परवडत नाही, यंदा गेला तर गेला.

नर्सरीवाल्यानं देशी म्हणून कर्दळ दिली. ती मूळची अमेरिकेतली. मग वाचत गेले तर झेंडूपण मेक्सिकोचा, ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. कर्दळ मी काढली नाही, पाण्यात छान राहते आणि गणपतीला फुलं मिळतात, एवढं सोवळं माझ्याच्यानं होत नाही. तेरडा मात्र खरा इथला. कुठून आला माहीत नाही, पक्ष्यानं आणला की कंपोस्टमधून, पण भाद्रपदात वाफा गुलाबी झाला. सासूबाईंचं माहेर कोकणातलं, तिकडे तेरड्याच्या गौरी, लग्नानंतर इंदुरात मुखवट्याच्या महालक्ष्म्या. त्या दिवशी त्यांनी मुखवट्यांशेजारी चार डहाळ्या ठेवल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

आता सवलतीचं. मध्य प्रदेश सरकारनं २००६ मध्ये नोटिफिकेशन काढलं, १४० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवर रेन वॉटर हार्वेस्टिंग कंपल्सरी, आणि जो बसवेल त्याला त्या वर्षीच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये ६ टक्के सूट. आमचा तीस बाय पन्नास किती होतो? १३९ आणि वर थोडं. म्हणजे आम्ही सक्तीतून एका टॉवेलाएवढ्या जागेनं सुटलो, भिया, आणि अर्धं शहर याच साइजच्या प्लॉटवर बसलेलं आहे! सूट आहे तीही गच्चीच्या पाण्याला, वाफ्याला किंवा झाडांना नाही. म्हणून मागच्या अर्ध्या गच्चीचं पाणी फिल्टरमधून बोअरमध्ये सोडलं (पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर टाकायचं, गच्चीवरची धूळ आणि कबुतरं लक्षात घ्या, आणि अंगणातलं स्कूटर धुतलेलं पाणी चुकूनसुद्धा बोअरकडे नाही). सवलतीचा हिशोब केला तर चार हजारांच्या बिलावर दोनशे चाळीस रुपये, तेही एकदाच. नवरा म्हणाला, रेतीची ट्रॉली आली तेव्हा ड्रायव्हरच्या चहा-पोह्यांत गेले तेवढे. माझं मत विचाराल तर सूट दरवर्षी द्या, सक्तीत छोट्या प्लॉटला पण मोजा, आणि कच्ची जमीन जो ठेवतो त्याचं काहीतरी करा, कारण आमच्या गल्लीत गेटपासून भिंतीपर्यंत टाइल्स लावायची चढाओढ लागलीय.

१९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसानं होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा केला होता. सगळं गटारात लोटण्यापेक्षा मातीत आणि बागांत मुरवा, असं तो तेव्हाच सांगून गेला. माझ्या मिस्त्रीला हे सांगितलं तर म्हणाला, उनको काली मिट्टी मिली थी क्या.

बोअर यंदा मेमध्ये आटला नाही, पण एका वाफ्यानं तो भरला असं मी म्हणणार नाही, मागच्या वर्षी पाऊसच बरा होता. गेटपाशी पाणी मात्र साचत नाही. अंकलच्या गच्चीचा पाइप अजून रस्त्यावरच सुटलेला आहे, मी दोनदा म्हटलं कोपर लावून आमच्या वाफ्याकडे वळवा, जागा आहे. त्यावर ते काही बोलत नाहीत. परवा मात्र स्वतःहून आले आणि वाळा बघत उभे राहिले, मला वाटलं आता पटलं. तर विचारतात, "इसकी जड़ कब निकालोगे? कूलर में डालनी थी."