आगराचा पंप इंटरनेटशिवाय: शिंपणाच्या हंगामातली नोंद

मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेलं काम मार्गी लागलं. गुहागरच्या घरी विहिरीवरचा पंप, ओटी-पडवीचे दिवे आणि टाकीतला पाण्याच्या पातळीचा सेन्सर आता फायबर बंद असतानाही चालतात. तपासायची पद्धत साधी ठेवली होती. राउटर चालू, वाय-फाय चालू, फक्त इंटरनेटची वायर राउटरमधून काढून ठेवायची आणि एक अख्खा दिवस घर नेहमीसारखं वापरायचं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. पंपाच्या कॉन्टॅक्टरला (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) सिग्नल देणारा वाय-फाय स्विच घेतला तेव्हा त्याच्या ॲपला खातं लागत नव्हतं. फोन आणि स्विच एकाच वाय-फायवर असले की काम व्हायचं. दिवाळीनंतर ॲपचं नवं व्हर्जन आलं. त्यानं आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला आणि मग स्विचचं फर्मवेअरही (आतलं सॉफ्टवेअर) बदललं. तेव्हापासून आईनं पडवीत उभं राहून फोनवर बटण दाबलं की हुकूम राउटरमधून बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून फिरून विहिरीपाशी यायचा. विहीर पडवीपासून हाकेच्या अंतरावर आहे. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं तेव्हा पंप, वीज, वाय-फाय सगळं धडधाकट असूनही ॲपवर नुसतं चाक फिरत राहिलं. माघ-फाल्गुनात पोफळीला पाण्याचा खाडा चालत नाही, हे आगर असलेल्या कुणालाही सांगायला नको. आई रोज विहिरीपाशी जाऊन स्टार्टर हातानं दाबत होती. गुडघेदुखीमुळे तिला ते जमत नव्हतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता.

मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत जी सोय होती, ती मागाहून काढून घेतली गेली. हे आपल्याकडेच घडतंय असंही नाही. नेस्टनं विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह कंपनीचे हब (घरातली उपकरणं एकत्र जोडणाऱ्या डब्या) मे २०१६ मध्ये कायमचे बंद झाले, कारण मागचे सर्व्हरच बंद केले गेले. एप्रिल २०२२ मध्ये स्मार्ट स्विच बनवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर कसलीही आगाऊ सूचना न देता गप्प झाले. आपसात जोडलेले स्विच तिथे चालत राहिले, पण ॲप मेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये स्मार्ट दिव्यांच्या फिलिप्स ह्यूनं ॲपसाठी खातं सक्तीचं करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वर्षानुवर्षं खात्याविना दिवे लावणारी माणसं भडकली. ह्यूच्या ब्रिजला (दिवे घरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या डबीला) निदान लोकल एपीआय, म्हणजे घरातल्या घरात हुकूम घ्यायची सोय, आहे. माझ्या स्विचला तेवढंही उरलं नव्हतं.

स्विच उघडला

आत बीके ७२३१ एन ही चिप निघाली. हिच्यावर स्वतःचं फर्मवेअर चढवता येतं. ईएसपीहोम या असं फर्मवेअर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिब्रटायनीचा (या जातीच्या चिप चालवणाऱ्या भागाचा) आधार २०२३ मध्ये आला, तेव्हापासून या चिपसाठीही नेहमीच्याच यामल फाइलमधून (साध्या मजकुरात लिहिलेल्या सेटिंगमधून) काम होतं. वायरलेस मार्गानं फर्मवेअर बदलायची क्लाउडकटरची युक्ती आधी करून पाहिली, पण माझ्या स्विचच्या ताज्या फर्मवेअरमध्ये ती फट बुजवलेली होती. उरला डागकामाचा रस्ता.

स्विच बोर्डातून पूर्ण सोडवून टेबलावर घेतला. हे फार महत्त्वाचं आहे. सिरियल वायरी जोडलेल्या असताना उपकरण घरच्या विजेला कधीही लावायचं नाही. यातल्या बऱ्याच बोर्डांत कमी व्होल्टेजची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते, त्यामुळे लॅपटॉप तर जातोच आणि माणसाच्याही जिवावर बेततं. चार वायरी डागल्या: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स १ आणि आरएक्स १ (डेटा पाठवायची आणि घ्यायची पिन). लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी कन्व्हर्टरच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून चिपला पुरेसा करंट मिळेना, मध्येच संपर्क तुटायचा. वेगळ्या ३.३ व्होल्ट रेग्युलेटरवरून वीज दिली आणि ग्राउंड एकत्र केलं, तेव्हा गाडी रुळावर आली. एलटी चिप टूल हे चिपचं फर्मवेअर वाचणारं-लिहिणारं सॉफ्टवेअर सुरू करून सीईएन ही पिन क्षणभर ग्राउंडला टेकवायची, की चिप पुन्हा सुरू होते आणि टूल तिला पकडतं.

आधी मूळ फर्मवेअर वाचून जपून ठेवा. दोन एमबीची फाइल असते. ती परत जायची वाट म्हणून कामाला येतेच, शिवाय रिले (वीज जोडणारा-तोडणारा आतला छोटा स्विच) कुठल्या पिनेवर, बटण कुठल्या, दिवा कुठल्या ही माहितीही तिच्यातूनच काढता येते. मला मीटर लावून पिना शोधत बसावं लागलं नाही.

पंपासाठीच्या सेटिंग

दिवा आणि पंप यांत फरक आहे. दिवा चुकून लागला तर थोडी वीज जाते. पंप चुकून लागला आणि विहिरीत पाणी खाली गेलेलं असलं तर मोटर कोरडी फिरून जळते. म्हणून तीन गोष्टी मुद्दाम स्विचच्याच आत ठेवल्यात.

पहिली, वीज गेली आणि परत आली की रिले बंदच राहील: रीस्टोअर मोड 'ऑलवेज ऑफ'. आमच्याकडे वीज रात्री-अपरात्री येते-जाते, त्यामुळे पंप आपोआप सुरू होणं मला नको.

दुसरी, पंप सुरू झाला की चाळीस मिनिटांनी स्विच स्वतःच तो बंद करतो. हे होम असिस्टंटमध्ये, म्हणजे घरातली सगळी उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवता आलं असतं. पण तेव्हा ते ज्यावर चालतं तो रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बंद पडला तर पंप चालूच राहील. थांबायची जबाबदारी ज्याच्या हातात रिले आहे त्याचीच असायला हवी.

तिसरी गोष्ट नवख्यांना हमखास छळते. ईएसपीहोमचं उपकरण पंधरा मिनिटं वाय-फायला किंवा होम असिस्टंटला जोडलेलं नसलं की स्वतःला रीबूट करतं, मुळातच तशी योजना आहे. पाय अपडेटसाठी बंद आणि इकडे शिंपण चालू, तर पंप मध्येच थांबतो आणि कारण शोधून सापडत नाही. सेटिंगमध्ये वाय-फाय आणि एपीआय (होम असिस्टंटशी जोडणी) दोन्हींखाली रीबूट टाइमआउट शून्य केला की हा प्रश्न मिटतो.

स्विचच्या रिलेवर मोटरचा भार थेट टाकू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि छोट्या रिलेचे पॉइंट चिकटतात. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची. कॉन्टॅक्टरशेजारचं हिरवं-लाल बटण तसंच ठेवलंय, त्यामुळे सगळं इलेक्ट्रॉनिक्स झोपलं तरी हातानं पाणी सोडता येतं. आईसाठी पडवीच्या खांबावर झिगबीचं (कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी जोडणीचं) एक बटणही लावलंय. तिला फोन उघडावा लागत नाही, आणि मला वाटतं या सगळ्यात तिला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे.

वेळ कुठून आणायची

वायर काढून ठेवलेल्या दिवशी हे लक्षात आलं. वीज आणि इंटरनेट एकदम गेलं आणि नंतर नुसती वीज आली, तर रास्पबेरी पाय ४ ला किती वाजले ते कळत नाही, कारण त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पहाटेचं शिंपण मग भलत्याच वेळी व्हायचं. डीएस ३२३१ हे छोटं घड्याळ आय-टू-सी पिनांवर बसवलं, त्यात नाण्याएवढा सेल असतो. आता पाय त्यावरून वेळ घेतो आणि स्विच पायकडून. खर्च किरकोळ आहे, पण फायबरवर विसंबणारी शेवटची गाठ इथे सुटली. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

झिगबीबद्दल थोडक्यात. जांभ्याच्या जाड भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झ सिग्नल फार दमतो. माजघरात ठेवलेल्या डोंगलला (पायला झिगबीशी जोडणाऱ्या यूएसबी कांडीला) पडवीचं बटण दिसेना. डोंगल यूएसबीच्या लांब वायरीवर घेऊन खिडकीपाशी नेला, दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून झिगबी २५ व्या चॅनलवर आणि वाय-फाय १ वर ठेवलं, आणि मध्ये विजेवर चालणारा एक झिगबी प्लग लावला. असे प्लग पुढच्याचा निरोप पोचवतात, सेलवरची बटणं आणि सेन्सर ते काम करत नाहीत. खाऱ्या हवेनं सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात, म्हणून पावसाआधी सगळ्या उघडून पुसायच्या आहेत.

विझ कंपनीचे स्मार्ट बल्ब फर्मवेअर न बदलता जमले. त्यांच्या ॲपमध्ये 'लोकल कम्युनिकेशन'ची परवानगी देणारा एक पर्याय असतो, तो चालू असला की होम असिस्टंट त्यांच्याशी घरातल्या घरात बोलतं. पुढची खरेदी करताना मॅटरचं (स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकाचं) चिन्हही पाहतो, कारण मॅटरमध्ये घरातल्या घरात नियंत्रण हे मूळ ठरावातच आहे. तरी पहिली जोडणी करायला कंपनीचं ॲप आणि खातं मागितलं जातंय का, हे विकत घेण्याआधी विचारतो. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर वस्तू घेत नाही.

राहिलेलं काम: समुद्राकडच्या टोकाला मातीच्या ओलाव्याचा सेन्सर हवाय. तिथे झिगबी पोचत नाही आणि वाय-फायही नाही. लोराची (कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओची) दोन मॉड्यूल मागवली आहेत. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे विनापरवाना वापरता येते आणि माडा-पोफळींच्या गर्दीतून ती २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बरी जाईल असा अंदाज आहे. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत अँटेना कुठे चढवायची ते ठरवतोय. कुणी आगरात लोरा लावलं असेल तर अँटेनाची उंची आणि मिळालेलं अंतर जरूर कळवा.