तुम्ही विचारलंत म्हणून : कागदी परडीची कडी का सुटते?

ईस्टर जवळ आला की आजी-आजोबांचा एक प्रश्न हमखास येतो. “नातवंडांसाठी कागदाच्या परड्या करतो, दिसतातही छान. पण आत अंडी ठेवून पोरानं उचलली की कडी हातात आणि परडी खाली. डिंक कुठला वापरायचा?”

दोष बहुतेक वेळा डिंकाचा नसतोच. कडी भलत्या बाजूला चिकटवलेली असते. ते कसं, हे परडी करता करताच कळेल.

ए-फोर आकाराचं, १८० ते २२० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद नको, त्याच्या भिंती पोटात फुगतात. ३०० च्या पुढचं कार्ड घडीवर तडकतं. एका शीटमधून कडीसकट सगळी परडी निघते. शीट २१ बाय २९.७ सेंमी असतं. त्यातून २१ सेंमीचा चौरस कापा आणि उरलेली ८.७ सेंमी रुंदीची पट्टी टाकू नका.

चौरसाचे दोन्ही दिशांनी तीन-तीन भाग करायचे, म्हणजे ७ सेंमीची नऊ घरं. अंदाजानं तीन घड्या घालू नका. दोन-तीन मिलिमीटरची चूक चारही भिंतींत उतरते आणि परडी टेबलावर डुगडुगते. समोरासमोरच्या कडांवर पट्टीनं खुणा करा. मग रिफिल संपलेलं बॉलपेन पट्टीला धरून दाबून ओढा. शाई उमटत नाही, पण कागद रेघेवर बसतो आणि घडी सरळ पडते.

आता कात्री. डावीकडून दोन्ही आडव्या रेघा पहिल्या उभ्या घडीपर्यंत कापायच्या, उजवीकडूनही तसंच. एकूण चार काप, प्रत्येकी ७ सेंमीचा. वरच्या आणि खालच्या कडेला कात्री लावायची नाही. घडीच्या केसभर आधीच थांबा. काप पुढे गेला तर तळाच्या कोपऱ्यात भोक पडतं आणि वजन आलं की कागद तिथूनच फाटत जातो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे काप जमतात, मात्र शेवटचा सेंटिमीटर मोठ्यांनी कापलेला बरा.

चित्रं काढायची ती आत्ता, कागद सपाट असताना. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली, सशाचं डोकं. मधलं घर हा तळ, त्यामुळे चारही चित्रांचे पाय मधल्या घराकडे आणि डोकी बाहेरच्या कडेकडे हवीत. मुलं एकाच बाजूला बसून चारही घरं रंगवतात आणि परडी उभी राहिली की एक ससा सरळ, एक उलटा, दोन आडवे! म्हणून प्रत्येक चित्रानंतर कागद पाव वळण फिरवून द्या. दुसरी, कोपऱ्यातली चार घरं कोरी ठेवायची. ती डिंकाची जागा आहे, आणि मेणखडूच्या थरावर डिंक धरत नाही. जलरंग शक्यतो नकोच, कागद लाटांसारखा उठतो.

कागद पालथा घालून भिंती उभ्या करा, म्हणजे चित्रं बाहेर येतील. वरची आणि खालची भिंत उभी राहिली की तिच्याबरोबर कोपऱ्यांची घरं आपोआप आत वळतात. डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन-दोन घरं एकमेकांवर येतात आणि त्या बाजूचं मधलं घर बाहेरून त्यांच्यावर बसतं.

आता नीट बघा. डाव्या-उजव्या भिंतींना कागदाचे तीन थर झाले, उरलेल्या दोन भिंतींना एकच. कडी जाडजूड बाजूंनाच लावायची. एकेरी भिंतीला लावली की वजनानं ती भिंत आत ओढली जाते, परडी चिमटते आणि डिंकाचा जोड टोकापासून सोलवटतो. डिंक सरळ ओढीला बराच टिकतो, सोलण्यापुढे लगेच हरतो.

त्या उरलेल्या पट्टीतून ४ सेंमी रुंद आणि २१ सेंमी लांब तुकडा कापून लांबीत दुमडा आणि आतून चिकटवा. दोन सेंमीची दुहेरी कडी झाली. दुहेरी का? शीटमधले तंतू बहुतेक वेळा लांबीच्या दिशेनं असतात आणि ही पट्टी त्यांना आडवी निघते, म्हणजे एकेरी ठेवली तर कमजोर. कडीची टोकं बाहेरून चिकटवायची नाहीत. आतली दोन घरं आणि बाहेरचं मधलं घर यांच्यामध्ये ती ४ सेंमी खोल सरकवा. दोन्हीकडून कागदानं धरलं की सोलायला टोकच उरत नाही. पांढरा डिंक पातळ फासा, कागद ओला दिसला तर जास्त झाला. कपड्यांचे चिमटे लावून अर्धा तास ठेवा, वजन दुसऱ्या दिवशी घाला. काडीसारखा ग्लू स्टिक भिंतींना चालतो, कडीला नाही.

मापाचंही सांगायला हवं. या ७ सेंमीच्या तळात कोंबडीचं खरं अंडं एकच मावतं, म्हणून ही परडी चॉकलेटच्या छोट्या अंड्यांची. चार उकडलेली अंडी ठेवायची तर ए-थ्री शीट घ्या. २९.७ चा चौरस, ९.९ सेंमीची घरं, बाकी सगळं तसंच. कडीसाठी मात्र ६ सेंमीची पट्टी घेऊन ३ सेंमीची दुहेरी कडी करा. चार अंडी म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, तेव्हा तळाला घरापेक्षा २ मिलिमीटर लहान जाड पुठ्ठा घाला. रंगवलेली अंडी पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नका, ओलीनं तळ लिबलिबीत होतो.

आतलं गवत हिरव्या कागदाचं, ३-४ मिलिमीटरच्या पट्ट्या कापून मुठीत चुरगळलेलं. न चुरगळता टाकलं तर ते तळाशी चपटं पडून राहतं, अंड्याला आधार देत नाही. चार वर्षांखालच्या मुलाच्या परडीत गोल, कडक, लहान गोळ्या नकोत, घशात अडकतात.

आणि कडी चिकटवण्याआधीच तिच्या मध्यावर मुलाचं नाव लिहा. नंतर वाकलेल्या कडीवर नीट लिहिता येत नाही, आणि एकसारख्या तीन परड्या शेजारी ठेवल्या की भांडण ठरलेलं.